वेल जुळव, मग दाब : संखेड्याच्या एका करंड्याची तपासणी

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एक तरी वस्तू अशी असते, जिच्याबद्दल "ही पुण्याहून आली" असं सांगितलं जातं. कुठे समई, कुठे पाट, कुठे देवघराची चौकट. आमच्या घरात ती वस्तू म्हणजे कुंकवाचा एक लाकडी करंडा. पणजीचा. तो तिच्या माहेरून, पुण्याहून आला आणि थेट पेशवाईतला आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाचा नाद लागल्यावरसुद्धा बरीच वर्षं मला त्यावर शंका घ्यावीशी वाटली नाही. घरच्या गोष्टीचा पुरावा कोण मागतो?

गेल्या वर्षी आत्याने तो करंडा माझ्या स्वाधीन केला. तिचं वय आता ८४. देताना तिने एकच सूचना केली, "झाकण लावताना आधी वेल जुळव, मग दाब." तिला हे तिच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने शिकवलं होतं. मी मुळात मेकॅनिकल इंजिनियर. उमेदीची वर्षं लेथ आणि व्हर्नियर यांच्या सोबतीत गेली. त्यामुळे झाकण "असंच" का लावायचं, हा प्रश्न मला वेलीच्या सौंदर्यापेक्षा फिटिंगचा वाटला. त्या प्रश्नापासून ही तपासणी सुरू झाली, आणि ती भलत्याच ठिकाणी पोचली.

वस्तू कशी आहे

करंडा उंचीला १४२ मिलिमीटर आणि पोटाशी ७८ मिलिमीटर रुंद आहे. आकार बसक्या घागरीसारखा, वर निमुळता. तो दुमजली आहे. खालचा मोठा कप्पा कुंकवाचा. त्यावरच्या झाकणाच्या माथ्यावर एक छोटी वाटी कोरलेली आहे आणि तिला वेगळं टोपण आहे. ही वाटी मेणाची. पूर्वी आपल्या बायका कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावत आणि त्यावर कोरडं कुंकू दाबत, म्हणजे ते दिवसभर टिके. त्यामुळे मेण आणि कुंकू जवळजवळ ठेवण्याची सोय लागायची. वरच्या वाटीच्या तळाशी लाकडाच्या रेषांत अजून थोडं मेण अडकलेलं आहे. खालचा कप्पा आतून लाल पडलेला आहे.

बाहेरून रंग गडद तांबूस. त्यावर सोनेरी वेल, पानं, बारीक ठिपक्यांच्या ओळी. वेल खालून वर चढते आणि सांध्यावरून सरळ झाकणावर जाते. झाकण चुकीचं फिरवलं की वेल तुटते.

सोनं नव्हे, कथील

पहिला धागा सापडला तो झिजलेल्या जागी. करंडा उचलताना अंगठा जिथे पडतो, तिथे सोनेरी नक्षी सोनेरी राहिलेली नाही. ती चक्क चांदीसारखी पांढरी दिसते. सोन्याचा मुलामा झिजला तर खालचं लाकूड किंवा रंग दिसेल, चांदी दिसणार नाही. म्हणजे मूळ नक्षीच पांढऱ्या धातूची आहे आणि सोनेरीपणा तिच्यावरच्या थराचा आहे.

ही युक्ती आपल्या बडोदेकरांच्या अगदी ओळखीची आहे, फक्त आपण ती खुर्च्या-झोपाळ्यांवर पाहतो. ही संखेड्याची पद्धत. संखेडा बडोद्याच्या आग्नेयेला, ओरसंग नदीकाठी. गायकवाडी राज्यात तालुक्याचं गाव होतं, आज छोटा उदेपूर जिल्ह्यात येतं. तिथले खरादी पिढ्यान् पिढ्या सागाचं कातीव काम करतात. त्यांची नक्षी सोन्याने काढलेली नसते. कथील कुटून, सरसात खलून त्याचा लेप करतात आणि तो कुंचल्याने रंगवतात. लेप सुकला की राखाडी, निस्तेज दिसतो. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासतात, तेव्हा कथील चकाकतं, चांदीसारखं. त्यावर पारदर्शक लाखेचा थर चढतो. लाखेचा स्वतःचा रंग मधासारखा पिवळट असतो, त्यामुळे तिच्यातून पाहिलं की चांदी सोन्यासारखी दिसते. सोनं न वापरता सोन्याचा भास निर्माण करण्याची ही फार हुशार रीत आहे.

बाकीच्या केंद्रांशी ताडून पाहिलं. सावंतवाडीच्या लाकूडकामाची खरी ओळख चित्रकामात आहे, गंजिफा रंगवणाऱ्या चितारींच्या कुंचल्यात. चन्नपट्टणला पांढरट, हलक्या लाकडावर रंगीत लाख थेट चढवतात, तिथली शोभा रंगांच्या पट्ट्यांची. आमच्या करंड्याचं लाकूड साग आहे, नक्षी कथलाची आहे आणि तिच्यावर लाख आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की बोट संखेड्याकडेच जातं.

वरचा थर लाखेचाच आहे ना, हेही पाहिलं. तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावला. जागा लगेच चिकट झाली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हल्लीचं पॉलियुरेथेन असतं तर ढिम्म हललं नसतं. हा प्रयोग कृपा करून कोणी नक्षीवर करू नये. आणि जाता जाता सांगतो, जुन्या लाखकामाच्या वस्तू सॅनिटायझरने पुसू नका. तो अल्कोहोलच असतो.

फिरत्या लाकडावर लाख

लाख चढते कशी, हे एकदा पाहण्यासारखं आहे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी स्रवलेली राळ. साधारण ७० अंशांच्या आसपास ती मऊ पडते. कारागीर लाकूड फिरतं ठेवतो आणि लाखेची कांडी त्यावर दाबतो. घर्षणाने उष्णता निर्माण होते, कांडीचं टोक मऊ होतं आणि लाख लाकडावर पसरत जाते. शेगडी नाही, वितळवण्याचं भांडं नाही. जिथे लाख हवी, नेमकी तिथेच आणि तेवढीच उष्णता तयार होते. शेवटी केवड्याच्या पानाने, थोडं तेल लावून, फिरत्या लाकडावरच घासतात. केवड्याचं पान चिवट आणि रेषाळ असतं. त्याने थर सारखा होतो आणि झळाळी येते.

यात धोका एकच, पण मोठा. दाब जास्त झाला किंवा हात एकाच जागी रेंगाळला तर लाख जास्त तापते आणि खालची नक्षी ओढली जाते. आमच्या करंड्यावर बुडाच्या कडेजवळ एका पानाचं टोक असंच पुसटसं वाहून गेलं आहे. माझ्या मते ती त्या कारागिराची सही आहे.

आज संखेड्यात विजेच्या मोटरी आहेत. जुन्या काळी कमान आणि दोरी होती. दोरीचा वेढा लाकडाभोवती, एका हाताने कमान पुढे-मागे. लाकूडही त्यामुळे आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरायचं. पटाशी कापते ती एकाच दिशेला, परतीच्या फेऱ्याला ती हलकेच मागे घ्यावी लागते. कारागीर जमिनीवर बसून काम करायचा आणि पटाशी धरायला पायाची बोटंही लावायचा. अशा यंत्रावर दुमजली, आतून पोकळ, झाकण अचूक बसणारा करंडा कातायचा म्हणजे काय, हे ज्याने लेथवर काम केलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

झाकणाचं गणित

आता आत्याच्या सूचनेकडे येऊ.

लाकूड वाळताना आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. आडव्या छेदात मात्र आकसतं, आणि तिथेही दोन दिशा असतात. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वाढीच्या वर्तुळांच्या दिशेत. म्हणून लेथवरून अचूक गोल उतरलेलं भांडं काही महिन्यांनी किंचित लंबगोल होतं. कारागीर कितीही तरबेज असला तरी हे टळत नाही. लाकूड पुरेसं वाळवून घेतलं तर प्रमाण कमी होतं, एवढंच.

मी व्हर्नियर लावला. खालच्या भागाचा जो गळा झाकणात शिरतो, त्याचा बाहेरचा व्यास एका दिशेत ६१.४ मिलिमीटर भरला आणि काटकोनातल्या दिशेत ६०.९. झाकणाचा आतला व्यास ६१.७ आणि ६१.२. वेल जुळवून झाकण लावलं की लांब बाजूवर लांब बाजू येते, आखूडवर आखूड, आणि चहूबाजूंनी सारखी, ०.३ मिलिमीटरची मोकळीक राहते. तेच झाकण पाव फेरा फिरवलं तर ६१.४ च्या गळ्यावर ६१.२ चं झाकण येतं. बसणारच नाही. जोर लावला तर तडा जाईल. अर्धा फेरा फिरवून कसंबसं बसतं, पण घट्ट, कारण खोडाच्या दोन बाजूंची वर्तुळं काही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं नसतात.

याचा अर्थ असा की झाकण आणि भांडं एकाच ठोकळ्यातून, एकाखाली एक कातलेलं आहे. लाकडाच्या रेषा दोन्हींत एकाच दिशेने धावतात, म्हणून दोघांनी एकाच दिशेला आणि सारखंच अंग चोरलं. आणि नक्षी काढली तेव्हा झाकण आपल्या मूळ जागी लावलेलं होतं. सांध्याच्या कडेला लाखेचा थर सुरीने कापल्यासारखा सरळ तुटलेला आहे. म्हणजे लाखही झाकण बंद असतानाच चढवली आणि मग सांधा मोकळा केला. अशा रीतीने वेल ही शोभा तर आहेच, पण झाकण कोणत्या दिशेने लावायचं याची ती खूणही आहे. आम्ही कारखान्यात दोन जोडीच्या भागांवर पंचाने खूण करायचो, ते काम इथे वेल करते. शंभरावर वर्षं लोटली, लाकडाने आकार बदलला, तरी झाकण बसतं. कारण पणजीपासून प्रत्येकीने ती खूण पाळली.

ऑर्डर कोणाची?

करंडा घेऊन मी संखेड्याला गेलो. एका साठीच्या कारागिराने तो हातात घेतला, झाकण काढलं, आत नखाने टिचकी मारली आणि परत लावताना काहीएक न विचारता वेल जुळवली. मग दाबलं. झिजलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, कलाई आहे, काम आमचंच आहे. पण माथ्यावरची छोटी वाटी पाहून मात्र तो थबकला. "आ शानुं?" मी मेणाचं सांगितलं. त्याला ते नवीन होतं. त्यांच्याकडे ओलं कंकू कंकावटीत कालवतात, मेण लागतच नाही.

इथे मला दुसरा धागा मिळाला. मेणाच्या वाटीचा दुमजली करंडा ही मराठी बाईची गरज आहे. कथलावर लाख हा संखेड्याचा हात आहे. म्हणजे ही वस्तू ना पुण्याची, ना निव्वळ गुजराती. बडोद्याच्या मराठी गिऱ्हाइकाने आपली गरज सांगितली आणि इथल्या कारागिराने ती आपल्या पद्धतीने घडवली. आपण बडोद्याच्या मराठी संस्कृतीबद्दल बोलताना बहुधा राजवाडा, नाटक, कीर्तन, ग्रंथालय यांच्याबद्दल बोलतो. पण एका खरादीने मराठी कपाळाचा हिशेब ठेवून एक जास्तीची वाटी कोरली, ही देवघेवही तितकीच खरी आहे. संखेड्याच्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं ते फर्निचर म्हणून. या असल्या लहान डब्या-करंड्यांची नोंद आपणच ठेवायला हवी.

तो करंडा घरी कसा आला असेल, याचाही अंदाज बांधता येतो. मियागाम ते डभोई ही अडीच फुटी रेल्वे १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात सुरू झाली. सुरुवातीला ती बैल ओढायचे, इंजिनं नंतर आली. पुढे डभोईहून एक फाटा चांदोदला गेला आणि एक संखेड्याच्या अगदी जवळ, बहादरपूरला. चांदोद म्हणजे नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम. बडोद्याची मराठी कुटुंबं नर्मदास्नानाला, श्राद्धकर्माला तिथे जात आली आहेत. आमच्या घरातूनही जात. डभोईपर्यंतची वाट एकच.

आत्या काय म्हणाली

हे सगळं कागदावर मांडून, आकड्यांसकट, मी आत्याकडे गेलो. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच गेलो. करंडा पुण्याचा नाही आणि पेशवाईतला तर नाहीच, हे सिद्ध केल्याचा आनंद मला होता.

तिने ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं दुखावली. मग म्हणाली, "संखेड्याचा असेल तर आजोबांनी आणला असेल. चांदोदला तेच जायचे."

पणजोबा १९१८ च्या साथीत, इन्फ्लुएन्झाने गेले. पणजी तेव्हा तिशीच्या आत होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिचं कुंकू गेलं आणि करंड्याचा तिच्याशी संबंध संपायला हवा होता. तो सौभाग्याचा करंडा, कोणा सवाष्णीला दिला गेला असता. तो दिला गेला नाही. पणजीने कुंकू काढून आत गुंड्या आणि सुया भरल्या, वरच्या वाटीतलं मेण खरवडलं, आणि करंडा मरेपर्यंत उशाशी ठेवला. आत्याला तो गुंड्यांचा करंडा म्हणूनच आठवतो. लहानपणी गुंडी हवी असली की तो उघडायला मिळायचा, फक्त लावताना वेल जुळवायची.

"माहेरचा म्हटलं की कोणी हात लावत नसे," आत्या म्हणाली. "नवऱ्याने दिलेला म्हटलं असतं तर तिच्याकडे राहिला असता का?"

याला माझ्याकडे व्हर्नियरने मोजता येईल असा पुरावा नाही. पण वस्तू आणि गोष्ट समोरासमोर ठेवल्यावर आत्याचं म्हणणं मला पटतं. "पुण्याहून आला" ही आठवणीतली चूक नव्हती. एका बाईने एक वस्तू आपल्याजवळ राहावी म्हणून सांगितलेलं ते कारण होतं, आणि आम्ही तीन पिढ्या ते इतिहास समजून मिरवत होतो. माझी ऐट तिथेच उतरली. मी वस्तूचं मूळ बरोबर शोधलं होतं, पण घरच्यांनी ते चुकीचं का सांगितलं, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो आत्याने सोडवला.

आपल्याकडचे करंडे

मंडळाच्या वाचकांना एक विनंती. आपापल्या घरचे जुने लाकडी करंडे, डब्या, फणेरी पेटीतल्या कुप्या बाहेर काढा. बडोद्यातच असं नाही, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा, कुठेही असा. चार गोष्टी पाहून लिहून ठेवा. झिजलेल्या जागी सोनेरी नक्षी पांढरी दिसते का? मेणासाठी वेगळी वाटी आहे का? सांध्यावरून नक्षी सलग जाते का आणि झाकण पाव फेरा फिरवून बसतं का? (जोर लावू नका.) आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: ती वस्तू कुठून आली असं घरात सांगतात, आणि ते पहिल्यांदा कोणी सांगितलं? पहिल्या तीन गोष्टी वस्तूच सांगेल. चौथीसाठी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ जाऊन बसावं लागेल. त्याला उशीर करू नका.

आमचा करंडा आता परत आत्याकडे आहे. आत अजून गुंड्याच आहेत.